दोन मजले खालचं ऑफिस

"फॅन लावू का?"

हा मेसेज माझ्या फोनवर यायचा तेव्हा तो पाठवणारे गृहस्थ माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलाशी, माझ्याच पंख्याखाली बसलेले असायचे आणि मी दोन मजले वर त्यांच्या घरात. मी 'लावा' असं लिहायचो. थोड्या वेळाने दुसरा मेसेज यायचा. 'पाऊस आत येतोय. खिडकी लावून घेऊ का?' दुपारी तिसरा. 'दाराशी पार्सलवाला उभा आहे. घेऊ का?' एकदा स्वयंपाकघरातला नळ नीट बंद झालेला नव्हता. तो बंद करण्याआधीही त्यांनी विचारलं. मी फोन करून म्हटलं, "अहो, नळ बंद करायला काय विचारायचं?"

"तसं नाही," ते शांतपणे म्हणाले, "घर तुमचं आहे."

सिंगापुरात सेंगकांगमधल्या ज्या ब्लॉकमध्ये मी तेव्हा राहत होतो, तिथेच ते वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे सांगलीकडचे. मुंबईत नोकरी केली, मग सिंगापूर, मग पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना. पन्नाशी ओलांडलेली, शर्ट नेहमी खोचलेला. रॅफल्स प्लेसमधल्या एका परदेशी बँकेत ते होते. शेअरचा व्यवहार झाल्यावर पैसे आणि कागद ज्याचे त्याला पोचले की नाही, हे पाहणारा त्यांचा विभाग. आपल्या कामाबद्दल ते एवढंच सांगत, "सगळं नीट झालं तर मला कोणी ओळखत नाही."

त्यांची पाठ खुर्चीला टेकलेली मी कधी पाहिली नव्हती. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात, डॉक्टरकडे, एमआरटी मेट्रोच्या डब्यात, सगळीकडे ते खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचे. मागचा अर्धा भाग दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवल्यासारखा रिकामा. याचं कारण एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाठ टेकली की दिवस संपला."

बँकेने जागा कमी करायचं ठरवलं आणि त्यांच्या विभागाला घरून काम करायला सांगितलं. महिन्यातून एखादा दिवस तोंड दाखवायला जायचं, बाकी घरी. इतरांनी आनंदाने टेबलं विकत घेतली. हे मात्र सकाळी बॅग घेऊन खाली उतरू लागले.

आधी ते ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये बसले. तिथली चिनी आँटी रिकामा कप उचलायची आणि "अंकल, अनदर कोपी?" असं विचारायची. नुसतं बसून राहणं यांना पटेना. जेवणाच्या वेळेपर्यंत इतकी कॉफी पोटात जाऊ लागली, की बोटं कीबोर्डवर ठरेनात. मग ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतलं दगडी टेबल. तिथे बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना एक गडी कमी पडत होता, त्यांनी यांना बसवलं. "नाही कसं म्हणणार? त्यांचं टेबल होतं," ते म्हणाले. मग मॉलमधली लायब्ररी. फोन वाजला की पेपर वाचणारे सगळे एकदम मान वर करून बघायचे.

एवढं झाल्यावर एका सकाळी लिफ्टपाशी त्यांनी मला गाठलं. एका व्यापारविषयक वृत्तसंस्थेच्या डेस्कवर मी काम करतो. वार्ताहरांनी पाठवलेल्या बातम्या तपासायच्या आणि पुढे सोडायच्या. तेव्हा मीही घरूनच काम करत होतो.

"तुमचं होतं का काम घरी?" त्यांनी विचारलं.

"होतं कसंबसं. दुपारी डोळा लागतो."

"लागणारच. घर म्हणजे आडवं व्हायची जागा." लिफ्ट आली आणि गेली, आम्ही तिथेच. "असं करू. तुम्ही माझ्याकडे बसा, मी तुमच्याकडे बसतो. दुसऱ्याच्या घरी माणूस लोळत नाही. दर अर्ध्या तासाने फ्रिज उघडत नाही. बनियनवर बसत नाही."

"बँकेला चालेल?"

"बँकेच्या पत्रात घरून काम करा एवढंच आहे. कोणाच्या घरून, ते लिहिलेलं नाही."

ते गंमत करत असावेत असं वाटून मी हसलो. ते हसत नव्हते.

माझी बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. ती सकाळीच निघायची, त्यामुळे दिवसभर घर मोकळं. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे ते आपलं बाथरूम वापरणार?" आणि रविवारी तिने बाथरूम घासलं. मी त्या घरात राहायला आल्यापासून ते इतकं स्वच्छ कधी झालं नव्हतं.

सोमवारी बेल वाजली. ते दारात बॅग, पाण्याची बाटली, चहाचा थर्मास आणि एक स्टीलचा डबा घेऊन उभे. "पहिल्यांदा येतोय. रिकाम्या हाताने कसं यायचं?" डब्यात शंकरपाळे होते. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून बायकोने त्यात चिवडा घालून पाठवला. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तो पुढच्या सोमवारी लाडू घालून परत केला. त्यानंतर तो डबा दोन घरांमध्ये फिरत राहिला आणि रिकामा होण्याची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही.

त्यांच्या घरी बसल्यावर पहिल्याच सकाळी मला कळलं, की लोळणं आणि बनियन ही सांगायची कारणं होती.

मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि त्यांचे वडील बाहेर आले. अण्णा. वय ऐंशीच्या पुढचं, अंगात पांढरा सदरा, चाल सावकाश. त्यांनी मला निरखून पाहिलं.

"आमचे चिरंजीव ऑफिसला गेले ना?"

"गेले."

"वेळेवर?"

"वेळेवर."

त्यांचे खांदे सैल झाले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते खालून जाणारी एलआरटीची गाडी बघू लागले. वहिनींनी ताट आणलं, ते पूर्ण जेवले. वहिनी ताटाकडे बघत उभ्या होत्या. ताट रिकामं झालं तसं त्यांनी ते उचललं आणि आत जाता जाता मला हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, किती दिवसांनी पूर्ण जेवले."

नंतर चहा देताना त्यांनी सगळं सांगितलं. अण्णांना ताजं काही लक्षात राहत नव्हतं. तासाभरापूर्वीचं पुसलं जायचं. जुनं मात्र पक्कं होतं, आणि त्यात एक गोष्ट अशी होती, की कर्ता माणूस दिवसाढवळ्या घरात दिसला तर त्याची नोकरी गेलेली असते. हे घरी बसायला लागले त्या पहिल्या दिवशी अण्णा बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "का रे, घरी?"

"घरूनच काम आहे, अण्णा."

"कसलं काम?"

"बँकेचं."

"बँक घरी कशी येईल?" आणि मग आवाज बारीक करून, "काढलं का तुला?"

"नाही हो अण्णा. सगळेच घरून करतात आता."

"सगळ्यांनाच काढलं?"

तासाभराने अण्णा पुन्हा बाहेर आले. पुन्हा तोच प्रश्न, आणि चेहरा पहिल्यांदाच ऐकल्यासारखा उतरलेला. हे दिवसभर चाललं आणि रोज चाललं. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी जेवण कमी केलं. भात निम्मा बाजूला सारायचे. दूध नको. "मला भूक नाही, नातीला वाढा." घरात मिळकत नाही म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसाने किती खायचं, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला होता. तो हिशेब ते विसरत नव्हते. सदरा खांद्यांवरून उतरू लागला. डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं.

"म्हणून हे बाहेर जातात," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नसेल."

"लोळण्याबद्दल सांगितलं."

"तसंच सांगतात."

आता प्रश्न उरला माझा. मी त्या घरात कोण? एक अनोळखी माणूस रोज येतो आणि टेबल अडवून बसतो. अण्णांनी याचं उत्तर स्वतःच काढलं. माझं बरंचसं काम फोनवर चालायचं आणि त्यातले अर्धे प्रश्न एकाच प्रकारचे. ही फिगर कुठून आली? कोणी दिली? कागद आहे का? अण्णांनी उभं आयुष्य सांगलीजवळच्या कारखान्यांच्या स्टोअरमध्ये काढलं होतं. असे प्रश्न विचारणारा माणूस त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

ते उठून उभे राहिले. "साहेब, इकडे पंख्याखाली बसा. हेडऑफिसकडून आलात?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी 'हो म्हणा' असं खुणावलं.

"हो," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी ऑडिटर झालो. अण्णा रोज नव्याने मला ओळखायचे आणि रोज त्याच निष्कर्षाला यायचे. माझं काम चालू असताना टीव्हीचा आवाज कमी व्हायचा. वहिनींच्या हातून भांडं पडलं तर "अगं, साहेब बसलेत" असं आतून ऐकू यायचं. मी तिथे कधी लोळलो नाही आणि दुपारी माझा डोळा लागला नाही. चिरंजीवांचा लोळण्याबद्दलचा सिद्धांत माझ्यापुरता तरी खरा ठरला.

वहिनींची मुलगी पॉलिटेक्निकमध्ये शिकत होती. कॉलेजला निघताना बूट घालत ती मला म्हणायची, "गुड मॉर्निंग, ऑडिटर अंकल. आजोबा सो स्केअर्ड ऑफ यू, लाह." मग दारातून आत ओरडायची, "आजोबा, अकाउंट्स रेडी का?" अण्णा घाईने हात हलवून तिला गप्प करायचे.

इकडे ते माझ्या घरी काय करत होते, हे मला बायकोकडून आणि त्यांच्या मेसेजमधून कळायचं. बायको एकदा दुपारीच परत आली. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या." स्वतःच्या घरात कोणी 'या' म्हणावं याचा तिला राग येण्याआधीच त्यांनी विचारलं, "मी बाहेर थांबू का?" संध्याकाळी निघताना ते खुर्ची आत सरकवायचे, टेबल पुसायचे आणि रिकाम्या घराला "निघतो" म्हणायचे. हे तिने दाराबाहेर किल्ली शोधताना ऐकलं होतं.

व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे आमचा पडदा दिसायचा, बायकोच्या आवडीचा, मोठ्या पिवळ्या फुलांचा. त्यांच्या स्थानिक साहेबाने एकदा विचारलं, "यू मूव्ह्ड हाउस, आह?" यांना खोटं बोलवेना. "नो, नो. धिस इज माय ऑफिस," ते म्हणाले. साहेबाने पुढचा विषय काढला. त्या संध्याकाळी हे सांगायला ते थांबले आणि मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

त्याच सुमारास त्यांच्या विभागाबद्दल कुजबुज सुरू झाली. काम दुसऱ्या देशात हलवणार म्हणे. अशा बातम्या माझ्या टेबलावर रोज यायच्या आणि त्या कशा लिहिलेल्या असतात ते मला माहीत होतं. मी विचारलं. ते म्हणाले, "माझं काय, दुसरीकडे काहीतरी मिळेल. अण्णांना कळता कामा नये." आणि पुढे, "मी दिवसा घरी दिसलो की ते विचारतात आणि मी नाही म्हणतो. उद्या खरंच झालं तर माझ्या तोंडाकडे बघून कळेल त्यांना. मग ते जेवायचे नाहीत."

ज्या दिवशी झालं, त्या दिवशी सकाळी नेहमीसारखा 'फॅन लावू का' आला. 'लावा' गेलं. नंतर बराच वेळ काही नाही. जेवणाच्या सुमाराला मेसेज आला. 'काम संपलं. फॅन बंद केला आहे. डबा टेबलावर आहे.'

दुपारी काम संपलं म्हणजे काय, हे माझ्या लक्षात यायच्या आत दार उघडलं. ते आत आले. शर्ट खोचलेला, हातात बॅग. संध्याकाळपर्यंत माझ्याकडेच का थांबला नाहीत, असं मी नंतर विचारलं होतं. "काम नसताना तुमच्या घरी कशाला बसू?" हे त्यांचं उत्तर.

अण्णा खिडकीजवळून वळले. वहिनी हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मी लॅपटॉप मिटला.

"का रे, लवकर?" अण्णा म्हणाले. आणि मग तोच बारीक आवाज. "काढलं का तुला?"

ते बूट काढत होते. एक निघाला होता, दुसरा पायातच होता. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हो, अण्णा," ते म्हणाले. "काढलं."

वहिनींनी पळी खाली ठेवली. मला वाटलं, आता म्हातारा कोसळेल. अण्णा खुर्चीचा हात धरून उठले, दाराशी गेले आणि मुलाच्या हातातली बॅग त्यांनी घेतली.

"मग असं सांग ना," ते म्हणाले. "कधीचा विचारतोय मी."

अण्णा बॅग घेऊन आत वळले.

"मला काढलं तेव्हा मी सांगितलं नव्हतं घरी. डबा घेऊन निघायचो आणि दिवसभर स्टँडवर बसायचो. तुझी आई विचारायची आणि मी नाही म्हणायचो. डबा गळ्याखाली उतरायचा नाही." बॅग त्यांनी नीट सोफ्यावर ठेवली. "तू सांगितलंस. बरं केलंस. हात धू. जेवायला बस. मीही बसतो."

ते हात धुऊन आले. बाप आणि मुलगा समोरासमोर जेवले. अण्णांनी वहिनींना मुलाला आणखी भात वाढायला सांगितलं आणि तो नको म्हणाला तर आधी स्वतः घेतला, म्हणून त्यालाही घ्यावा लागला. मध्येच अण्णांना माझी आठवण झाली.

"साहेब, तुम्हीही या. आता तपासायचं काय राहिलंय?"

मीही बसलो.

संध्याकाळी लिफ्टपर्यंत सोडायला ते आले. "स्टँडचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी तेव्हा शाळेत होतो. आई एकदा त्यांना म्हणाली होती, डबा तसाच परत आणता, माझ्या हातचं आवडत नाही का." लिफ्ट आली, आणि ते परत फिरले.

दुसऱ्या दिवशी ते घरीच राहिले. जायला ऑफिस नव्हतं आणि काम नसताना माझ्याकडे येणं त्यांना मंजूर नव्हतं. अण्णांना आदल्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. ते बाहेर आले आणि विचारलं, काढलं का तुला? हे म्हणाले, हो अण्णा, काढलं. अण्णा म्हणाले, मग असं सांग ना, आणि जेवायला बसले. त्याच्या पुढच्या दिवशीही हेच झालं. प्रश्न रोज नवा होता, पण आता त्याला एक उत्तर होतं आणि ते उत्तर अण्णांच्या ओळखीचं होतं. तासातासाला होणारी विचारपूस थांबली. एकदा विचारायचे, एकदा ऐकायचे आणि मग घरात जणू आपल्याकडे एक जबाबदारी आली आहे अशा तऱ्हेने वावरायचे. वजन परत आलं.

मी माझ्या घरी परतलो. दुपारी पुन्हा डोळा लागू लागला.

काही महिन्यांनी त्यांना एका छोट्या कंपनीत काम मिळालं. पगार थोडा कमी. त्या कंपनीला ऑफिसच नव्हतं, सगळे आपापल्या घरून काम करायचे. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, "मग सोमवारपासून येताय ना खाली? पडदा धुऊन ठेवलाय."

"नको," ते जरा संकोचून म्हणाले. "आता घरी होतं माझं."

"आणि अण्णा? त्यांना सांगितलं, नोकरी लागली?"

"नाही."

"का?"

"सांगून बघितलं एकदा," ते म्हणाले. "परत सुरू झालं. बँक घरी कशी येईल, काढलं का. ताटात भात तसाच. मग म्हटलं राहू दे. काढलं म्हटलं की ते जेवतात, मला काम करता येतं."

नंतर आम्ही ईस्ट कोस्टच्या बाजूला राहायला गेलो. सामान बांधताना तो स्टीलचा डबा सापडला. पाळी आमची होती. बायकोने त्यात बेसनाच्या वड्या भरल्या आणि मी वर गेलो. सकाळची वेळ होती. दार अण्णांनी उघडलं, मला ओळखलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, डोक्यावर पंखा जोरात. अंगात घरातला साधा टी-शर्ट. कोणाचं तरी बोलणं ऐकत होते आणि पाठ खुर्चीला पूर्ण टेकलेली होती. मला पाहून त्यांनी हात वर केला. टीव्ही चालू होता, पण त्याचा आवाज बंद केलेला होता.

अण्णांनी डबा घेतला आणि माझ्या कानाशी आले.

"हळू बोला, साहेब. नोकरी शोधतोय तो. सकाळपासून शोधतोय." त्यांनी वळून मुलाकडे पाहिलं. "मिळेल त्याला. तुमच्या हेडऑफिसात काही निघालं तर बघा."